उंबरठ्यावरचा सोबती : कुत्र्याचा सांभाळ आणि इस्लामची शिकवण

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-कहफमध्ये गुहेतील तरुणांचा वृत्तान्त आला आहे. आपली श्रद्धा वाचविण्यासाठी घरदार सोडून निघालेल्या त्या तरुणांबरोबर एक कुत्राही होता. अठराव्या आयतीत तो गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसल्याचा उल्लेख आहे. बाविसाव्या आयतीत त्या तरुणांच्या संख्येविषयी लोकांत चाललेल्या वादाचा उल्लेख आहे. कोणी तीन म्हणे, कोणी पाच, कोणी सात. परंतु प्रत्येक मोजणीत कुत्र्याची गणना वेगळी केलेली आढळते. भाष्यकार इब्ने कसीर (रह.) यांनी येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधले आहे. कुत्रा आत नव्हे, दाराशी होता, कारण ज्या घरात कुत्रा असतो तेथे फरिश्ते येत नाहीत. आणि सज्जनांच्या सहवासाची बरकत त्या मुक्या प्राण्यालाही लाभली.

वाचकहो, या लेखाचा सारा आशय या एका प्रसंगात सामावला आहे. जागा उंबरठ्यावर, पण मोजणीत समावेश. आपल्या समाजात मात्र यातील पहिली गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली आणि दुसरी विस्मरणात गेली.

प्रश्न कोठून उद्भवतो?

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातील डोणगावसारखे कोणतेही मोठे गाव डोळ्यांसमोर आणावे. पावसाळा सरला की नालीच्या कडेला, बांधकामाच्या वाळूत, बंद दुकानाच्या पायरीखाली कुत्रीने पिल्ले घातलेली दिसतात. त्यांतील काही वाहनांखाली सापडतात, काही थंडीत गारठून मरतात. फजरच्या नमाजसाठी निघालेला माणूस त्यांच्या शेजारून जातो आणि कपडे सावरून पुढे होतो. दिवसा मुले त्यांना दगड मारतात. मोठ्यांनी हटकले तर उत्तर मिळते, “नापाक आहे ना तो!”

आता गावोगावी प्राणिमित्र तरुण पुढे येत आहेत. जखमी कुत्रा उचलून पशुवैद्यकाकडे नेणे, पिल्लांना लस टोचून घेणे, त्यांच्यासाठी घर शोधणे हे काम ते स्वखर्चाने करतात. असा एखादा तरुण आपल्या दारी येतो व म्हणतो, “काका, पाय मोडलेलं पिल्लू आहे. पंधरा दिवस तुमच्या गोठ्यात ठेवाल का?” किंवा, “शेतावर राखणीला हे कायमचं घ्याल का?” पहिली विनंती तात्पुरत्या सांभाळाची आहे आणि दुसरी दत्तक घेण्याची. (माणसाच्या मुलाच्या दत्तकाविषयी शरीअतचे नियम स्वतंत्र आहेत. येथे दत्तक हा शब्द केवळ कायमच्या सांभाळाच्या अर्थाने वापरला आहे.) अशा वेळी मुसलमान कुटुंबाने काय उत्तर द्यावे?

पाणी पाजणाऱ्याची हदीस

सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बहुतेकांनी ऐकली असेल. वाटेने जाणारा एक तहानलेला मनुष्य विहिरीत उतरून पाणी प्याला. वर येतो तो तहानेने व्याकूळ झालेला कुत्रा ओली माती चाटताना त्याला दिसला. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपला चामडी मोजा पाण्याने भरला, तो दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याची ही कृती स्वीकारून त्याला क्षमा केली. जनावरांच्या बाबतीतही आम्हांला पुण्य मिळते काय, असे सहाबांनी विचारले, तेव्हा प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. दुसऱ्या एका हदीसमध्ये बनी इस्राईलमधील एका पतित स्त्रीला अशाच कृत्यामुळे क्षमा मिळाल्याचे आले आहे.

या हदीसमध्ये तो मनुष्य कुत्र्याचा मालक नव्हता. त्याने त्याला घरी नेले नाही. त्या कुत्र्यापासून शिकार, राखण असा कोणताही लाभ त्याला मिळणार नव्हता. तरीही ते कृत्य क्षमेला कारण झाले. यावरून दया करणे आणि पाळणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. पाळण्याला शरीअतने अटी घातल्या आहेत. दयेला अशी अट घातलेली नाही.

पाळण्याविषयीच्या मर्यादा

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. शिकार, गुरांची राखण किंवा शेतीची राखण यांखेरीज जो कुत्रा पाळतो त्याच्या पुण्यातून दररोज एक कीरात घटतो, असे सहीह हदीसमध्ये आहे. काही कथनांत दोन कीरात आले आहेत. ज्या घरात कुत्रा किंवा चित्र असते तेथे फरिश्ते येत नाहीत, अशीही हदीस आहे. म्हणून केवळ हौसेसाठी, प्रतिष्ठेसाठी, दिवाणखान्यात मिरविण्यासाठी कुत्रा पाळणे आपल्या धर्माला मान्य नाही. काळ बदलला म्हणून ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे.

फरिश्त्यांविषयीच्या हदीसचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद आहे. ज्या कुत्र्याच्या पालनास अनुमती नाही त्याच्यापुरतेच हे विधान आहे, असे इमाम खत्ताबी (रह.) म्हणतात, इमाम नववी (रह.) मात्र ते सर्व कुत्र्यांना लागू करतात. तरीही घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवणे हे शेताच्या राखणीवरून कियासने वैध ठरते, या मताला तेच इमाम नववी अधिक योग्य मानतात. दोन्ही मतांचा मान राखणारा मार्ग आपल्याला गुहेच्या प्रसंगात सापडतो : कुत्र्याची जागा अंगणात, गोठ्यात, शेतावर असावी, राहत्या खोल्यांत व नमाजच्या जागी नसावी.

मदीनेत एकदा कुत्री मारण्याचा आदेश झाला होता, हेही काही जण पुढे करतात. परंतु पुढे प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली व केवळ उपद्रवी प्रकारापुरता अपवाद ठेवला, असे सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनात आहे. सूरह अल्-अन्आमच्या ३८व्या आयतीत भूमीवरील प्राणी व आकाशातील पक्षी यांना माणसासारखेच समुदाय म्हटले आहे. जो समुदाय अल्लाहने निर्माण केला तो नाहीसा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पाकी-नापाकीचा मसला

विदर्भातील मुसलमान बहुतांशी हनफी मसलकाचे आहेत, तर कोकणातील मुस्लिम समाज प्रामुख्याने शाफई आहे. कुत्र्याविषयी या दोन मसलकांत फरक असल्याने एकमेकांच्या घरी गेल्यावर गैरसमज होतात.

हनफी फिक्हच्या प्रसिद्ध मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, त्याचे शरीर मूलतः नापाक नाही. त्याचे अंग कपड्याला लागले आणि त्यावर लाळ किंवा अन्य घाण नसेल तर कपडा नापाक होत नाही. शाफई व हंबली मसलकात कुत्रा संपूर्णपणे नापाक मानला जातो. मालिकी मसलकात सजीव कुत्रा पाक आहे. भांडे धुण्याची आज्ञा ते उपासनेच्या स्वरूपाची मानतात. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे व पहिल्यांदा मातीने घासावे, असे हदीसमध्ये आहे. शाफईंच्या मते सात वेळा धुणे अनिवार्य आहे. हनफींच्या मते तीन वेळा अनिवार्य व सात वेळा उत्तम आहे.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रत्येक मसलकात नापाकीवर उपाय सांगितला आहे आणि तो धुणे हा आहे. हात धुता येतात, कपडा बदलता येतो. नापाकीचे निमित्त करून तडफडणाऱ्या जिवाला सोडून जाण्याची शिकवण कोणत्याही इमामाने दिलेली नाही. प्रेषितांच्या (स.) काळात कुत्री मस्जिदीतून ये-जा करीत आणि त्यासाठी पाणी शिंपडले जात नसे, असे हजरत इब्ने उमर (रजि.) यांचे कथन बुखारीत आहे.

मग विनंतीला उत्तर काय?

तात्पुरत्या सांभाळाची विनंती आल्यास, आणि आपल्याकडे गोठा, अंगण किंवा पडवी असल्यास, ती स्वीकारण्यात संकोच नसावा. येथे हेतू पाळण्याचा नसून उपचाराचा आहे. पाय जुळला, पिल्लू लसीच्या वयाचे झाले की ते पुढच्या घरी जाईल. ज्यांना जागा नाही त्यांनी औषधाचा खर्च द्यावा, भाकरी द्यावी, पशुवैद्यकाकडे नेण्यास वाहन द्यावे. विहिरीत उतरणाऱ्याकडे तर एक मोजाच होता.

कायमचा सांभाळ करावयाचा असल्यास आधी गरज तपासावी. आपल्या भागात सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या शेतात रानडुकरे व रोही शिरतात. शेळ्यांच्या कळपाला राखण लागते. शेतकऱ्याची ही गरज हदीसमध्ये सांगितलेल्या अपवादांत स्पष्टपणे बसते. अशा घराने विकतचे पिल्लू आणण्याऐवजी प्राणिमित्रांकडील निराधार कुत्रा घेणे अधिक चांगले. याचे एक धार्मिक कारणही आहे. कुत्र्याची किंमत घेण्यास हदीसमध्ये मनाई आली आहे. बहुसंख्य फुकहांनी ती सर्व कुत्र्यांना लागू केली. हनफींनी उपयुक्त कुत्र्याच्या विक्रीस अनुमती दिली. दत्तक घेण्यात खरेदी-विक्रीच नसल्याने हा वाद मुळातच उद्भवत नाही. लसीकरणाचा खर्च म्हणून दिलेली रक्कम ही प्राण्याची किंमत नव्हे.

प्राणिमित्र बहुधा नसबंदीची अट घालतात. जनावराच्या हिताचा हेतू असेल तर हनफी फुकहांनी यास हरकत घेतलेली नाही. इतर काही विद्वानांनी ते नापसंत केले आहे. येथे आपल्या मसलकाच्या जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

सांभाळ ही अमानत

एका स्त्रीने मांजर बांधून ठेवले, त्याला खायला दिले नाही, किडामुंगी खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. त्यामुळे ती शिक्षेस पात्र ठरली, असे सहीह हदीसमध्ये आहे. तिचा गुन्हा मांजर ठेवल्याचा नव्हता. ठेवून हक्क न दिल्याचा होता. सातव्या हिजरी शतकातील शाफई विद्वान इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (रह.) यांनी जनावरांचे हक्क मोजताना लिहिले आहे, की ते म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्यावर खर्च करणे मालकाचे कर्तव्य आहे.

दत्तक घेणाऱ्याने हे आधी वाचावे. पिल्लू लहान असताना मुलांना गोड वाटते. मोठे झाले, भुंकू लागले, खरूज झाली की त्याला पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येणारी माणसे आपल्यातही आहेत. देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला वाजवी कारणाविना बेवारस सोडणे हा गुन्हा मानतो. अल्लाहच्या दरबारात तर ती अमानतीतील खयानत ठरेल.

जीविताचे रक्षण

दयेबरोबर सावधगिरीही आवश्यक आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही; मात्र चावल्यानंतर वेळेवर उपचार घेतल्यास तो टाळता येतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात; खोल जखमेत जखमेभोवती वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. मिरची, चुना, तेल लावू नये. तावीज बांधून लस टाळणे हा तवक्कुल नव्हे, उपचार करण्याची आज्ञा प्रेषितांनीच (स.) दिली आहे. सांभाळलेल्या कुत्र्याला सुमारे तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्यावी व पुढे दरवर्षी द्यावी. लहान मुलांना अनोळखी, जेवणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीकडे एकटे जाऊ देऊ नये.

इतरांपासून बोध

महाराष्ट्रात हे कार्य नवे नाही. मुंबईच्या परळ भागात पारशी दानशूरांनी १८८३ मध्ये उभारलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आजही सेवा देत आहे. पुण्यात २००७ पासून रेस्क्यू ही संस्था जखमी जनावरांवर उपचार करते व त्यांना घरे मिळवून देते. आपल्या इतिहासातही उस्मानी काळात इस्तंबूलमध्ये रस्त्यावरील कुत्र्यांच्या अन्नासाठी वक्फ केले जात. त्याच शहरातून १९१० मध्ये हजारो कुत्री एका ओसाड बेटावर नेऊन सोडण्यात आली आणि ती तेथे उपाशी मेली. ज्या समाजाने मुक्या जिवांसाठी मालमत्ता वक्फ केली, त्याच समाजाच्या राजधानीत हेही घडले. वारसा जपला नाही तर तो एका पिढीत हातचा जातो.

घरातील अभ्यासासाठी

या आठवड्यात मगरिबनंतर कुटुंबाने एकत्र बसून पुढील गोष्टींवर बोलावे.

१. सूरह अल्-कहफच्या १८ व २२ या आयती अर्थासह वाचाव्यात. कुत्र्याची जागा कोठे सांगितली आहे आणि त्याची गणना कशी झाली आहे, हे मुलांना शोधू द्यावे.

२. पाणी पाजणारा मनुष्य आणि मांजर बांधणारी स्त्री यांच्या हदीस शेजारी शेजारी ठेवून फरक सांगावा.

३. आपल्या दाराबाहेर, नळाखाली व पाय पडणार नाही अशा जागी पाण्याचे एक भांडे ठेवावे. ते रोज भरण्याचे काम घरातील लहान मुलाकडे द्यावे.

दगड उचलणाऱ्या हातात पाण्याचा तांब्या देणे हे आई-वडिलांचे काम आहे. अल्लाह आपणा सर्वांना मर्यादा पाळण्याची आणि त्या मर्यादेत राहून दया करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.