चिल्लर बँकेत भरा, बट्टा देऊ नका

प्रश्न : पंचवटीत आमचे पूजासाहित्याचे दुकान आहे. वर्षभराची चिल्लर साठली आहे. एक जण बदलून देतो, पण शेकड्यामागे बट्टा मागतो. काय करावे?

उत्तर : बट्टा मुळीच देऊ नका. तुमची बँक नाणी नाकारू शकत नाही; ग्राहकाने किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. हजार रुपयांची मर्यादा आहे ती व्यवहारात नाणी स्वीकारण्याच्या सक्तीला. बँकेत भरण्याशी तिचा संबंध नाही.

एक-दोनची नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत भरा, म्हणजे रोखपालाला वजनावर घेता येतील. महिनाअखेर व सोमवार टाळा. चालू खात्यावर रोख भरण्याचे शुल्क लागते का, ते आधी विचारा. बचत खात्याचे नियम वेगळे असतात. दहाचे नाणे कोणत्याही नक्षीचे असो, चालते. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून बाद आहेत.

रामकुंडाजवळच्या फूलवाल्यांना, चहावाल्यांना रोज सुटे लागतात. त्यांना आधी विचारा. तिथे पूर्ण मोल मिळते.

शाखेने नकार दिलाच, तर लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला शुल्क नाही.