पाकिटातील जिवाणू आणि त्यांची भिंत

जिवाणू संवर्धन भुकटीसारखे दिसत असले तरी त्यात जिवंत जिवाणू असतात. प्रत्येक जिवाणूभोवती शर्करा व अमिनो आम्लांच्या जाळीची पेशीभित्तिका असते. ती आतील पाण्याचा दाब पेलते. जिवाणू वाढताना काही विकरे या जाळीचे टाके उसवतात, तर काही नवे टाके घालतात. उसवणे जास्त झाले, तर पेशी फुटते.

उपासमार होताच बॅसिलस जिवाणू अशाच जाळीचा जाड थर व त्यावर प्रथिनांचे कवच रचून बीजाणू बनवतो. हा बीजाणू उष्णता व कोरडेपणा सोसतो. परिस्थिती अनुकूल झाली की विकरे तो थर विरघळवतात व वाढ पुन्हा सुरू होते. रायझोबियम मात्र बीजाणू बनवत नाही. म्हणून त्याचे पाकीट उन्हात ठेवू नये.

सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या १० किलो बियाण्यास त्या त्या पिकाचे २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धन गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. मुदत संपलेले पाकीट वापरू नये.