जुन्या लष्करी ट्रकांचे ब्रेक : ओळख आणि निगा

मराठवाड्याला लष्करी ट्रक अपरिचित नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाईच्या वेळी लष्कराच्या मोटारींचे ताफे या भूमीवरून गेले. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा मदतकार्यासाठी आलेल्या जवानांबरोबर हीच वाहने पुन्हा दिसली. लष्करी सेवेतून निवृत्त झाल्यावर मात्र अशा ट्रकाचे दुसरे आयुष्य सुरू होते. लिलावात तो खासगी मालकाकडे जातो आणि त्याचा पाण्याचा टँकर किंवा बंद पडलेली वाहने ओढणारी क्रेन होते. या दुसऱ्या आयुष्यात त्याच्या इंजिनाकडे सर्वांचे लक्ष असते. ब्रेककडे मात्र ते निकामी झाल्यावरच जाते.

ही उपेक्षा किती महाग पडू शकते, हे टंचाईच्या दिवसांत ध्यानात येते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. असे पाणी शेवटी टँकरनेच वस्तीवर पोहोचते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरमध्ये टाकीचे वजन सोडून ५ टन भार असतो. टाकी अर्धी रिकामी असेल, तर ब्रेक लावताच पाणी पुढे आदळते आणि ट्रकाला ढकलते. टँकर गावात शिरतो, तेव्हा घागरी-कळशा घेऊन बायका-मुले त्याच्याभोवती धावतात. त्या क्षणी ट्रक जागच्या जागी थांबलाच पाहिजे.

नाव म्हणजे ओळख नव्हे

दुसऱ्या महायुद्धानंतर डॉज, शेव्हरोलेट, फोर्ड, जीएमसी अशा बनावटीच्या अनेक लष्करी गाड्या ‘डिस्पोजल’ म्हणून विकल्या गेल्या. १९५९ पासून जर्मनीतील एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला. त्यानंतर निस्सानच्या परवान्याने एक टनी ट्रक व ‘जोंगा’ ही वाहने तेथेच बनली. पुढे शक्तिमानची जागा अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’सारख्या वाहनांनी घेतली.

परंतु केवळ नावावरून ब्रेकची जात ठरवणे धोक्याचे आहे. निवृत्तीनंतर अनेक वाहनांची इंजिने, आस आणि ब्रेकचे भाग बदललेले असतात. म्हणून दुरुस्तीपूर्वी मूळ फलक वाचावा आणि पेडलपासून चाकापर्यंत प्रत्येक नळीचा माग प्रत्यक्ष काढावा. जुन्या ट्रकांत मुख्यतः चार प्रकार आढळतात.

१. साधा द्रवचलित ब्रेक : पेडल दाबले असता मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईल नळ्यांतून प्रत्येक चाकावरील व्हील सिलिंडरपर्यंत दाब पोहोचवते. येथे हवेची टाकी नसते आणि बूस्टरही नसतो.

२. निर्वात साहाय्याचा द्रवचलित ब्रेक : यात वरील भागांखेरीज पत्र्याचा गोल बूस्टर असतो. पेट्रोल इंजिनात त्याची जाड नळी इनलेट मॅनिफोल्डला जोडलेली असते. डिझेल इंजिनावर बहुधा निर्वातासाठी वेगळा पंप असतो. महायुद्धकालीन जीएमसी ट्रकावर हा प्रकार होता.

३. हवेच्या साहाय्याचा द्रवचलित ब्रेक : चेसिसखाली हवेची टाकी असते, इंजिनावर कॉम्प्रेसर असतो आणि ब्रेक ऑईलचा डबाही असतो. हवा फक्त जोर पुरवते; चाकापर्यंत मात्र ऑईलच जाते.

४. पूर्ण हवाचलित ब्रेक : प्रत्येक चाकाजवळ ब्रेक चेंबर असतो. त्यातून बाहेर येणारी दांडी स्लॅक ॲडजस्टर फिरवते. चाकाकडे ऑईलची नळी जात नाही.

येथे एक चूक वारंवार होते. हवाचलित ब्रेकच्या काही ट्रकांत क्लच द्रवचलित असतो. त्याचा डबा पाहून ब्रेकही ऑईलचाच आहे, असा ग्रह होतो. यासाठीच नळीचा माग शेवटपर्यंत काढणे आवश्यक ठरते.

एकच नळी, एकच आधार

आजच्या वाहनांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा काम करतो. जुन्या द्रवचलित यंत्रणेत बहुधा एकच मार्ग असतो. एका चाकाजवळची रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून अशा ट्रकावर भेगाळलेली नळी ‘आणखी एक फेरी’ चालवणे अक्षम्य होय.

हॅण्डब्रेकचीही नीट ओळख असावी. महायुद्धकालीन जीपसारख्या अनेक लष्करी वाहनांत तो चाकांवर नसून गिअरपेटीमागील फिरत्या शाफ्टवर असतो. मागील एक चाक जॅकवर उचलले, तर डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हॅण्डब्रेक ओढलेला असतानाही वाहन सरकू शकते. जॅक लावण्यापूर्वी जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावलेच पाहिजेत.

पेडल काय सांगते

पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर यंत्रणेत हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असता ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर झिजलेले असते. पेडल अतिशय जड झाले असेल, तर बूस्टर तपासावा. त्याची कसोटी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम देत आहे.

ब्रेक लावताच ट्रक एका बाजूस ओढला गेला, तर एखाद्या चाकाच्या लायनरवर ऑईल किंवा ग्रीस आले असावे, अथवा तेथील सिलिंडर अडकला असावा. ड्रम विनाकारण तापत असतील, तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का, हे पाहावे. ती नसल्यास ऑईल परत डब्यात येत नाही आणि ब्रेक सुटत नाही.

हवेच्या यंत्रणेत दाब पूर्ण भरून इंजिन बंद करावे व गेजचा काटा उतरतो का, ते पाहावे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी दिसते. टाकीत साचलेले पाणी रोज काढावे. चेंबरची दांडी नेहमीपेक्षा जास्त बाहेर येत असेल, तर ॲडजस्टर बसवून घ्यावा. स्प्रिंग असलेला चेंबर साध्या गॅरेजमध्ये उघडू नये. आतील स्प्रिंगचा जोर प्राणघातक ठरतो.

ब्रेक ऑईल

‘ऑईल’ या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. प्रचलित डॉट ३ व डॉट ४ ब्रेक ऑईल हे खनिज तेल नव्हे. ज्या यंत्रणेची रबरे या द्रवासाठी आहेत, तिच्यात इंजिन ऑईल घातले तर रबर फुगते आणि ब्रेक अडकतात. शंका आल्यास डब्यातील चार थेंब पेलाभर पाण्यात टाकावे. ते पाण्यात मिसळले, तर द्रव डॉट ३ किंवा ४ जातीचा आहे. तरंगले, तर तो खनिज तेल किंवा सिलिकॉनचा आहे. चुकीचे तेल पडले असेल, तर नुसते काढून भागत नाही. नळ्या धुऊन सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

हे ऑईल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंश आहे. किनवट-माहूरकडील घाटात किंवा बालाघाटच्या उतारावर ड्रम तापले की अशा ऑईलची वाफ होते आणि पेडल पायाखालून निघून जाते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. हवा काढताना बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. डबा रिता होऊ देऊ नये व काढलेले ऑईल पुन्हा वापरू नये.

निगा आणि जबाबदारी

काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये शिरतो, वाळतो आणि लायनर घासतो. पावसाळ्यानंतर ड्रम उघडून साफ करावेत. मात्र जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. लायनर रिव्हेटपर्यंत झिजण्यापूर्वीच बदलावा.

चालकाची सवयही तितकीच महत्त्वाची आहे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये; इंजिन बंद करणे म्हणजे तर बूस्टर व कॉम्प्रेसर यांचा आधार स्वतः काढून घेणे होय. उतारावर खालचा गिअर असावा. वेग ताशी २० किलोमीटरवरून ४० झाला, तर ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून पंचायतींसह शासकीय मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे पंचायतीपुढे येणारा जुना ट्रक बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याचा टँकर लावून घेताना टाकीची क्षमता विचारली जाते. तशीच प्रमाणपत्राची तारीख, ट्रकाचा मंजूर भार आणि ब्रेकचा प्रकारही विचारला जावा. भरलेला टँकर गावाबाहेर सपाट, मोकळ्या जागी हळू चालवून थांबवून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना असा ट्रक उत्तम पाठ ठरू शकतो. त्याचे सर्व भाग उघडे दिसतात आणि विद्यार्थी नळीमागे नळी शोधत यंत्रणा स्वतः ओळखू शकतो. पाना हाती घेण्यापूर्वी यंत्रणा ओळखावी, ही शिस्त त्याच्या अंगी बाणली, तर टँकर पाणी घेऊन गावात येईल आणि जेथे थांबायला हवा, तेथेच थांबेल.