वजनकाट्याबरोबर एक टॉर्चही



मेळघाटातल्या शिबिराला राजापेठेतून गाडी निघते तेव्हा तिच्यात काय असते हे आपणांस ठाऊकच आहे, कारण ती खोकी आपणच भरून देता. वजनकाटा, बीपीचे यंत्र, लोहाच्या गोळ्या, खरजेचे मलम, जंताचे औषध. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करीत आम्ही धारणीकडे पोहोचतो, आणि दुपारपर्यंत दीडदोन वह्या भरतात.

मागच्या हिवाळ्यात एका गावी एक कोरकू आजी गुडघेदुखी घेऊन आल्या. गोळ्या दिल्या. निघताना त्यांनी चहा घेतला तो मान एका बाजूला कलती करून. विचारले तर म्हणाल्या, दाढ दुखते, जुनेच आहे. मोबाईलच्या उजेडात पाहिले. खालच्या हिरडीला लागून गालाच्या आत मोठी जखम होती. आधीच्या दोन शिबिरांनाही त्या आल्या होत्या. आमच्या वहीत त्यांचे वजन होते, बीपी होता. तोंडाविषयी एक अक्षर नव्हते. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात नेले, जबड्याचा भाग काढावा लागला. आज त्या पेजेवर आहेत आणि घरी आहेत.

तो कर्करोग तंबाखूचा. चुना लावून मळलेली तंबाखू त्यांच्या गालात चाळीस वर्षे होती. पण तपासताना डॉक्टरांनी सडलेल्या दाढा आणि पू धरलेल्या हिरड्या दाखवल्या व म्हणाले, हेही साधे समजू नका. मी वैद्य नाही. तरी त्या वाक्यामुळे जे वाचले आणि विचारून घेतले, ते इथे मांडतो.

१६८३ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी लेवेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यांना त्यात वळवळणारे जीव दिसले. आज माणसाच्या तोंडातील जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती माहीत आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगीच. दातांवर कीटण चढले, हिरडी सुजली, की मात्र हवा न लागणाऱ्या खाचेत दुसरीच प्रजा वाढते. सुजलेल्या हिरडीतून रक्त येते म्हणजे तिथे दार उघडे असते. रक्त बाहेर येते तसे जंतू आत जातात.

आत गेल्यावर काय होते? लहानपणी सांधेतापाने ज्याची हृदयाची झडप बिघडली आहे, त्याच्या झडपेवर हे जंतू बसून जीवघेणा ताप आणू शकतात. अशा रुग्णाने दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्याला हृदयाचे दुखणे सांगितलेच पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या फुप्फुसात तोंडातील लाळ उतरून न्यूमोनिया होतो. आपल्या मंडळीत घरी आईवडिलांची सेवा करणाऱ्यांनी त्यांचे तोंड रोज पुसावे, कवळी रात्री काढून धुवावी. मधुमेहाचे तर दोन्हीकडून आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा थोडा खाली येतो, हे पुष्कळ रुग्णांत दिसले आहे.

आता कर्करोग. तोंडातील फ्यूजोबॅक्टेरियम नावाचा जंतू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीत सापडतो, हे २०११ मध्ये अमेरिका व कॅनडातील शास्त्रज्ञांनी दाखवले. आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आहे. तेथील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिभेच्या कर्करोगाच्या ज्या गाठींत हा जंतू होता, त्या रुग्णांची सूज अधिक आणि जगण्याची मुदत कमी आढळली. मात्र जंतू सापडला म्हणजे त्यानेच रोग केला असे ठरत नाही; चोराच्या घरी सापडलेला प्रत्येक जण चोर नसतो. पण आणखी एक गोष्ट पक्की आहे. दारू तोंडात गेली की तोंडातील जंतू तिच्यापासून ॲसिटाल्डिहाइड तयार करतात, आणि ते कर्करोग आणणारे द्रव्य आहे. मोहाची असो वा बाटलीतली. तंबाखूतील नायट्रेटही हेच जंतू नायट्राइट करून ठेवतात, त्यातून पुढे विष बनते. म्हणजे घाण तोंड आणि तंबाखू मिळून काम करतात.

सुपारीलाही सोडू नका. ती एकटीही कर्करोग आणते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नोंदवले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे; खर्रा मात्र घोटला जातोच, आणि उपासना संपल्यावर आवारात कोणाच्या खिशातून पुडी निघते हे मी नाव न घेता सांगू शकतो. याकोबाच्या पत्रातील जिभेवरच्या अध्यायावर आपण किती संदेश ऐकले! जीभ बाहेर काढून दाखवा, असे आजवर कोणी म्हटले नाही.

मुलांविषयी थोडे. नोमा नावाच्या आजारात कुपोषित मुलाच्या हिरडीतील जंतू काही दिवसांत गाल खाऊन टाकतात. गोवरानंतर धोका अधिक. तो मुख्यतः आफ्रिकेत दिसतो, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. कुपोषण मेळघाटालाही नवे नाही. म्हणून अशक्त मुलाची हिरडी लाल, दुखरी, वास मारणारी दिसली तर पुढच्या शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याचे कुष्ठरोग मिशनचे रुग्णालय आपल्याला परके नाही. कातडीवरचा बधिर चट्टा ओळखायला आपल्या स्वयंसेवकांच्या मागच्या पिढीने शिकून घेतले, डॉक्टर नसताना. तोंडाचेही तेवढेच आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटे उभी जातील एवढे तोंड न उघडणे. एवढे दिसले की नाव लिहून घ्यायचे आणि अमरावतीला दंत महाविद्यालयात दाखवायला न्यायचे.

येत्या शिबिरासाठी कपडे पुरेसे जमले आहेत. ज्यांना काही द्यावयाचे आहे त्यांनी लहान मुलांचे ब्रश, फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, लाकडी चपट्या पट्ट्या आणि सेलसह दोन टॉर्च द्यावेत. वहीत तोंडासाठी एक रकाना आम्ही आखून घेतला आहे.