वाकून कोणी पाहिलं?

अगं बाय, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि नंतर मला काही झोप लागेना. "ताई, सगळे हसले," एवढंच तू तीनदा म्हणालीस. माळशेजच्या वाटेवर, टोकावड्याच्या पुढे चहाच्या टपरीशी तू काकांची मारुती ८०० हौसेने उभी केलीस, आणि त्या गाडीवेड्या पोरांनी तिच्याभोवती एक फेरी मारून "लग्नाची गाडी आली रे" म्हटलं. एकाने बॉनेटवरच्या स्कूपमध्ये बोट घातलं, तर आत भोकच नाही. मग तर काय, हसायला ऊतच आला.

आता रागावू नकोस, पण त्या स्कूपला मीही हसले असते. हवा आत घ्यायची खिडकी आणि तिच्यामागे पत्रा! काढून टाक ते. बाकीच्याबद्दल बोलू.

एका माणसाचं मात्र तू फार घाईत उरकलंस. पांढरी दाढी, जुनी जीप. ते हसले नाहीत. त्यांनी रुमाल पसरून गुडघा टेकला, मागच्या चाकाच्या आत मोबाइलचा उजेड मारला आणि विचारलं, "स्प्रिंग कापलीस का?" तू हो म्हणालीस. मग बॉनेट उघडायला लावलं, दिव्यांच्या वायरी बोटाने चाचपल्या, रिले कोणी लावला म्हणून विचारलं. तू म्हणालीस, मी. "हे चांगलं केलंयस. स्प्रिंग आधी बदल, जीव जाईल," म्हणाले आणि चहाला गेले. आणि तुला सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचंच!

म्हशाची जत्रा आठवते? पौष पौर्णिमेला आपण मामाबरोबर जायचो. बैलांची शिंगं रंगवलेली, गोंडे लावलेले, झुली घातलेल्या. पोरंटोरं त्यातच रमायची. मामा शिंगांकडे बघायचासुद्धा नाही. बैलाचं तोंड उघडून दात बघायचा, खूर उचलून बघायचा, चार पावलं चालवायला लावायचा. एखाद्या बैलाला नुसतं बघून नावं ठेवणारे पुष्कळ असायचे, पण मालक तिकडे कान देत नसे. दाताला हात घालणारा आला की तो सावरून बसायचा, कारण दोष काढला तरी गिऱ्हाईक तेच असायचं. तुझ्या गाडीचे दात त्या दाढीवाल्यांनी बघितले. बाकीच्यांनी शिंगं बघितली. आणि खरं सांगायचं तर शिंगं तू जरा जास्तच रंगवली होतीस.

त्यात ८०० घेऊन गेलीस, म्हणजे बोलणं ऐकून घेणं आलंच. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी आली ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या बापाकडे, काकाकडे, नाहीतर शेजाऱ्याकडे ही गाडी होऊन गेली आहे. एखादी परदेशी गाडी उभी असली तर पोरं गप्प बसतात, कारण त्यांना त्यातलं काही कळत नाही. ८०० वर मात्र प्रत्येकजण परीक्षक. शिवाय पाना हातात घेतलेली मुलगी. ते तर मी शहापूरला भावाच्या गॅरेजचा हिशेब बघायला लागले तेव्हापासून ऐकतेय. अजूनही गिऱ्हाईक मला विचारतं, "मॅडम, मेकॅनिक कुठाय?"

आता स्प्रिंगचं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. माझ्या पहिल्या गाडीच्या स्प्रिंग मीही कापून घेतल्या होत्या. घरच्या गॅरेजात नाही, भाऊ ओरडला असता म्हणून लांब एका ठिकाणी. गाडी काय दिसायची! आठवडाभर मी ती दुकानांच्या काचेत बघत चालवली. मग एका संध्याकाळी किन्हवलीच्या अलीकडे एका स्पीडब्रेकरला खालून खाडकन आवाज आला. उतरून बघायचं सोडून मी रेडिओ मोठा केला. तेलाचा लाल दिवा लागला, तरी म्हटलं घर जवळ आहे. ऑइल चेंबर फुटलं होतं. दोन किलोमीटरवर इंजिन सीझ. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी शहापुरात आणली, आणि ती बाजारपेठेतून जाताना जे लोक हसले ना, त्यांच्यापुढे तुझी टपरी काहीच नाही.

चेंबर फुटलं तर पैशावर निभावतं. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि खड्ड्यात चाक खाली लोंबलं की बैठकीतून सैल होते, वाकडी बसते. शॉकॲब्सॉर्बर असतो मूळच्या लांबीसाठी, तोही लवकर जातो. पावसाळ्यात आपले रस्ते कसे असतात ते तुला मी काय सांगू. माळशेजच्या वळणावर मागचं चाक असं नाचलं तर? ते गृहस्थ उगाच "जीव जाईल" म्हणाले नाहीत.

चाकांचंही ऐक. मूळच्या १२ इंचीवर १४५/७० चा टायर होता. तू १३ इंची अलॉय घातलेस आणि टायरचा आकडा तोच ठेवलास, म्हणजे चाकाचा व्यास जवळजवळ ५ टक्क्यांनी वाढला. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळते. थोडंच आहे, पण माहीत असू दे. आणि ३७ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला मोठं चाक ओढायला लावून वर तुझीच तक्रार की चढाला गाडी दमते! तुझे ब्रेक मात्र नवे आहेत, तेही तू स्वतः बसवलेस. हे त्या पोरांना सांगितलंस का? नाही ना. दाखवलास तो स्कूप.

आणखी एक परीक्षक आहे. त्याला गाडीचं वेड अजिबात नाही. कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीने मूळ जी रचना ठरवली आहे तिच्याशी विसंगत बदल करायचा नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, बरं का. बोटं मोज आणि बघ. रंग बदललास तो आरसी बुकात चढवून घे. सायलेन्सर मूळचा लाव. पोलिस असले बदललेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोलर फिरवतात ते व्हिडिओ तूच मला पाठवतेस. आणि विमा कंपनीला कळव. एरवी तुझ्या गाडीकडे कोणी बघणार नाही, पण अपघात झाला की त्यांचा सर्व्हेयर नक्की वाकून बघेल.

नियमांवरून मला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात. लोहारांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सामानातून चारचाकी बनवली. खर्च सुमारे ६० हजार, आणि सुरू करायची स्कूटरसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही हेही त्याच दमात लिहिलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. मला त्यातलं काय आवडलं सांगू? एकाच माणसाने चूकही सांगितली आणि पाठही थोपटली. तुझ्या दाढीवाल्यांनी तेच केलं. फक्त बोलेरो दिली नाही.

आणि हो, मागच्या दिवाळीत आसनगाव स्टेशनबाहेर ती हिरवीगार ओम्नी बघून तू काय म्हणाली होतीस? "काय ताबूत केलाय!" तो पोरगा दोन पावलांवर उभा होता. मी तुला कोपर मारलं, तुला कळलं नाही. तेव्हा आपल्या दोघींपैकी कोणीच वाकून बघितलं नव्हतं.

तर या रविवारी शहापूरला ये. किन्हवलीवरून ये, स्पीडब्रेकरला पहिल्या गिअरवर, आणि रेडिओ बंद ठेव. नव्या स्प्रिंग मी मागवून ठेवल्यात. जॅक, स्टँड सगळं आहे, भावाला दुपारी झोपायला लावू आणि आपण दोघीच बसवू. स्कूप काढल्यावर राहणारी भोकं बुजवायला लांबी लागेल, ती येताना मुरबाडहून घेऊन ये, आमच्याकडची संपली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच टपरीवर चहा प्यायला जाऊ. जीप दिसली तर तू आधी उतर.