कातडीला हवी पाइपलाइन!

कातडी प्रयोगशाळेत वाढवता येते, हे तुम्ही ऐकलं असेल. मग भाजलेल्या पेशंटला ती सरळ का लावत नाहीत? मी केमिकलचा विद्यार्थी, बायोलॉजी केव्हाच सोडलेली. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, गाडी अडते ती आपल्याच सिलॅबसमध्ये!

थोडं भाजलं तर मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. पण निम्म्याहून जास्त अंग भाजलं तर आणायची कुठून? उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी जातं, जंतू आत शिरतात आणि जिवावर बेततं.

१९७५ मध्ये अमेरिकेत रेनवाल्ड आणि ग्रीन यांनी कातडीच्या वरच्या थराच्या पेशी बशीत वाढवल्या. १९८१ मध्ये सर्जन बर्क आणि एमआयटीचे प्राध्यापक यानास यांनी गाईचं कोलॅजेन व सिलिकॉन वापरून कृत्रिम त्वचा केली. चादर तयार झाली, पण तिच्यात रक्तवाहिन्या नव्हत्या.

इथे येतं डिफ्युजन. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट! म्हणून पेशीपासून रक्तवाहिनी साधारण ०.१ ते ०.२ मिमीच्या आत लागते. कातडी मात्र १ ते २ मिमी जाड. जखमेतून नव्या वाहिन्या वर येईपर्यंत जाड चादरीतल्या पेशी उपाशी मरतात. तळमजल्यावर टाकी भरलेली, पण वर पाइपच नाही, तसलाच प्रकार.

२०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटचे पंकज कारंडे (केमिकलवालेच बरं का!) आणि येल विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. कोलॅजेन आणि मानवी पेशींची ‘शाई’ करून त्यांनी थ्री-डी प्रिंटरवर कातडी छापली. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही त्यातच मिसळल्या. या पेशींनी आपल्या आपण नळ्या बांधल्या आणि उंदरावर लावल्यावर त्या उंदराच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या गेल्या! पण उंदरापासून माणसापर्यंतचा पल्ला मोठा आहे. परक्या पेशी शरीर नाकारतं, हा प्रश्न उरतोच.

तोवर आधार स्किन बँकेचा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये ती २००० साली सुरू झाली. आपल्या नागपुरात ऑरेंज सिटी हॉस्पिटलमध्ये अशी सोय झाली. दान केलेली त्वचा कायमची टिकत नाही, पण काही आठवडे जखम झाकते. तेवढ्या अवधीत जीव वाचू शकतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. मात्र मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते.

तेव्हा सुटीत घरी गेलात की हा विषय एकदा काढाच. होकार घरच्यांनी द्यायचा असतो, आणि ऐनवेळी समजवायला ६ तास फार कमी पडतात.