पत्र्याची वर्कशॉप उन्हाळ्यात कमी खर्चात थंड कशी ठेवावी?

पत्र्याच्या शेडमधला उकाडा मुख्यतः छतातून येतो. तापलेला पत्रा खाली काम करणाऱ्यांवर उष्णता फेकत राहतो. म्हणून पहिला खर्च छतावरच करावा. चुन्याचा हात स्वस्त, पण पावसात धुऊन जातो; उष्णतारोधक पांढरा रंग काही वर्षे टिकतो. त्यावर धूळ बसली की गुण कमी होतो, तेव्हा फाल्गुनात छत धुवून घ्यावे. वर साचलेली गरम हवा टर्बो व्हेंटिलेटर विजेविना बाहेर काढतात. मात्र भिंतीत खाली जाळीच्या खिडक्या नसतील तर ते नुसतेच गरगरतात. डेझर्ट कूलर नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत उत्तम. कोकणात तो दमटपणाच वाढवतो, शिवाय लेथच्या बेडवर गंज धरतो. मिग वेल्डिंगवर पंख्याचा थेट झोत नको. संरक्षक वायू उडतो आणि जोडात छिद्रे पडतात.